विचारपूस

“बाय, यात साखर नाय ना टाकली?” मागून आवाज आला आणि मनिषाच्या हातातला कागदी कप तिरका झाला. चहा बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. भाजलं असणार, पण ते तिला नंतर कळलं; आधी कळलं ते पोटाला. ओटीपोटात काहीतरी आवळलं, मांड्या आपोआप एकमेकींना चिकटल्या, आणि पनवेलच्या त्या वातानुकूलित सभागृहाच्या दाराशी, गळ्यात ‘प्रशिक्षक’ लिहिलेली पट्टी अडकवलेली, चाळिशीला टेकलेली वकीलबाई एखाद्या लहान मुलीसारखी लघवी धरून उभी राहिली. हा आवाज तिला याआधीही कित्येकदा ऐकू आला होता. एसटीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात. दर वेळी ती दचकून वळायची आणि भलताच माणूस निघायचा. या वेळी तिने वळायची घाई केली नाही. ‘बाय’ म्हणताना तो शब्द मधेच खाली उतरायचा, डोक्यावर हात ठेवावा तसा, आणि मग हळूच वर यायचा. हे दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. चहावाल्या बाईने सांगितलं, बिनसाखरेचा त्या बाजूच्या थर्मासमध्ये आहे. “देव तुजा भला करो,” तो म्हणाला. तेव्हा मनिषा वळली. केसांना मेंदी, पट्ट्यावरून पुढे आलेलं पोट, दोरीने गळ्यात लोंबणारा चष्मा. छातीवर नाव होतं: द. का. घरत. पनवेलजवळच्या कोन गावचा दयाराम घरत. तेव्हा तो साधा शिपाई होता, आता सहायक उपनिरीक्षक झाला होता. तिची नजर पडताच त्याने कप जरा वर उचलून नमस्कारासारखं काहीतरी केलं. “नमस्ते मॅडम. तुमचाच तास ना आता?” त्याच्या डोळ्यांत ओळखीची रेघही नव्हती. “हो,” ती म्हणाली, “माझाच.”

तास मुलांचा होता, म्हणजे मुलांना पोलिसांनी कसं विचारायचं याचा. दर ठाण्यातून दोघे-तिघे पाठवलेले असत, बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून नेमलेले, त्यातले निम्मे साहेबांनी सांगितलं म्हणून आलेले. मनिषा पनवेलच्या कोर्टात वकिली करायची, मुलांची प्रकरणं घ्यायची, आणि हा तास तिने इतक्यांदा घेतला होता की शब्द तिच्या तोंडातून आपले आपण बाहेर पडत. मुलाशी बोलताना गणवेश नको. बेडी नको, कोठडी नको. आईबापांना ताबडतोब कळवायचं, आणि ते किंवा मुलाच्या विश्वासाचं कुणी जवळ असल्याशिवाय प्रश्न नाही. मुलगी असेल तर बाई अधिकारी. मुलाची कशावरही सही घ्यायची नाही. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. ती बोलत होती, पडद्यावर अक्षरं येत होती, आणि तिसऱ्या रांगेत घरत मान डोलावत होता. चांगला विद्यार्थी डोलावतो तशी. प्रत्येक वाक्याला. तिला वाटलं, आपण हे इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो ते खरं तर याच एका मानेला सांगत होतो, आणि ती मान आता समोर आहे, आणि डोलते आहे.

तेव्हा मनिषा तेरा वर्षांची होती, मे महिन्याची सुट्टी होती आणि ती आईबरोबर पनवेलच्या मच्छीबाजारात यायची. आई, भामा, गव्हाणहून टोपली घेऊन यायची. बाजार उठत आला की उरलेलं म्हावरं ठरलेल्या घरांत पोचवायची. लाइन आळीत एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात मागच्या मोरीशी बसून आई मासे साफ करून द्यायची आणि मनिषा आत जाऊन भांडं आणायची. त्या दिवशीही आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराशी जीप थांबली. घरत उतरला. तो भामाचं नेहमीचं गिऱ्हाईक होता, आणि कोळी नसून आगरी असला तरी आपल्याच बाजूचा, आपली भाषा बोलणारा माणूस. डॉक्टरीणबाईंच्या सुनेची सोन्याची चेन बेसिनवरून गेली होती. “चौकशी नाय गो भामावैनी, नुसती विचारपूस,” तो म्हणाला होता. “पोरीला घेऊन जातो, दोन गोष्टी विचारतो, सोडतो. तू म्हावरं इक. बर्फ इतळतंय तुजा.” आईने बर्फाकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा बर्फाकडे. आणि ती बसून राहिली. जीपच्या मागच्या जाळीतून मनिषाला शेवटचं दिसलं ते हेच, की आई पापलेटांवर पाणी मारते आहे.

मारलं नाही. हे तिला पुढे कुणालाही नीट समजावून सांगता आलं नाही, नवऱ्यालासुद्धा. लोक विचारायचे, मारलं का, आणि नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी यायचं. खाडीकडची ती चौकी केव्हाच पाडली, आता तिथे उड्डाणपुलाचा खांब आहे, पण आतली खोली तिच्या अंगात जशीच्या तशी उभी होती. त्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली स्टुलावर बसला. लिंबू सरबत मागवलं. “पी बाय. उन्हातून आलीस. मी तुज्या बापासारका.” ती प्यायली. त्याने विचारलं, चेन कुठं ठेवलीस? ती म्हणाली, मी नाय घेतली. तो हसला, स्वतःच्या मुलीच्या खोड्या सांगितल्या, पुन्हा सरबत मागवलं. पुन्हा विचारलं. आवाज एकदाही चढला नाही. खिडकीतलं ऊन कॅलेंडरवर गेलं, कॅलेंडरवरून कपाटावर. ती म्हणाली, मला जायचंय. तो म्हणाला, “जा ना. कोन अडवतंय? पयलं सांग, मग जा.” आणि मग पुन्हा मुलीच्या गोष्टी. पुढे पुढे तिला त्याचे शब्द ऐकू येईनासे झाले, फक्त आतलं ते फुगत जाणारं दुखणं राहिलं, आणि खाली काही झालं तर या माणसासमोर होईल ही लाज. शेवटी ती म्हणाली, “मी घेतली.” त्याने पाठीवर हात ठेवून तिला संडासापर्यंत पोचवलं. आत बसल्यावर तिला रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं. त्या क्षणी तिला घरत आवडला होता. जगात त्याच्याइतकं मायाळू कुणी नाही असं वाटलं होतं. सगळं विसरता आलं असतं, पण ते वाटणं विसरता आलं नाही.

मग चेन कुठे, तर तिने सांगितलं, खाडीत टाकली. दुसरं काही सुचलं नाही. ओहोटी होती. आईला आणलं. भामाने लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती गुडघाभर चिखलात उतरली. चिखलातली चिंबोरी, निवट्या, कालवं, जे काही असेल ते त्या हातांना डोळे मिटून सापडायचं. आणि ते हात सबंध ओहोटी संपेपर्यंत चिखल चाळत राहिले, वर गावचे-बाजारचे लोक उभे, आणि काठावर मनिषा, जिला माहीत होतं की तिथे काही नाही. ती ओरडून सांगू शकली असती. पण तोपर्यंत तिला स्वतःलाच नक्की राहिलं नव्हतं. भरतीचं पाणी चढायला लागलं तेव्हा आई वर आली, कोपरापर्यंत काळी, आणि त्याच हातांनी तिने सगळ्यांसमोर मनिषाच्या तोंडात मारली. पुढे प्रकरण कसं मिटलं ते तिला कुणी सांगितलं नाही. शाळेत मुली कंपासपेट्या मांडीवर घेऊन बसायला लागल्या. गावच्या आळीत भीमाबाई नळावर मोठ्याने म्हणायची, भामाच्या पोरीनं सोना चोरला. आणि आई तिला पुन्हा कधी कुठल्या घरात घेऊन गेली नाही. सोबत न्यायची, पण फाटकाबाहेर बसवायची. बारावीला असतानासुद्धा मनिषा बंगल्यांच्या फाटकांबाहेर पुस्तक घेऊन बसलेली असायची, आणि कामवाल्या बाया येता-जाता बघायच्या.

कायदा शिकायला लागल्यावर एका दुपारी वर्गात सरांनी एक कलम वाचून दाखवलं होतं. कुठल्याही बाईला, आणि पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला, पोलिसांनी साक्षीला ठाण्यात बोलवायचं नाही. ती जिथे राहतात तिथे जाऊन विचारायचं. सर म्हणाले, जुनं कलम आहे, परीक्षेला येत नाही. मनिषाने पुस्तकावरचं वर्ष पाहिलं. कायदा तेव्हाही होता. ती खुर्चीवर बसली होती, ऊन कपाटावर गेलं होतं, तेव्हा हे वाक्य छापलेलं कुठल्या तरी कपाटात होतं, कदाचित त्याच. तिच्या बाजूने उभे राहिलेले कुणीतरी अदृश्य लोक होते आणि ते आलेच नाहीत. त्या दिवसापासून तिला राग आला की तो गरम नसायचा. थंड, वजनदार, बर्फाच्या लादीसारखा असायचा.

“आता एक प्रात्यक्षिक करू या,” ती म्हणाली. हा भाग दर तासात असायचा. कुणीतरी मूल व्हायचं, ती चुकीची अधिकारी व्हायची, आणि तिने नियम मोडला की बाकीच्यांनी हात वर करायचा. एरवी ती एखाद्या तरुण शिपायाला उठवायची. आज तिने तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. “तुम्ही या. घरत.” सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेत बसलेले साहेब मागे वळून म्हणाले, “जा घरत. व्हा जरा लहान.” तो लाजत, हसत पुढे आला. तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मंचाच्या पायरीवर, त्याच्या पायांपेक्षाही खाली बसली. “समजा, माझी अंगठी गेली आहे. तू तेरा वर्षांचा आहेस.” लगेच एक हात वर झाला: पालक कुठे आहेत? “बरोबर,” ती म्हणाली, आणि चालू ठेवलं. दुसरा हात: मॅडम, कशासाठी आणलंय ते मुलाला सांगितलं नाही. “बरोबर.” तिने पाण्याची बाटली उघडून घरतच्या हातात दिली. “पी बाबा. उन्हातून आलास.” आणि मग तिची भाषाच बदलली. कोर्टात, घरात, प्रकरणांतल्या मुलांशीसुद्धा जी भाषा ती कधी बोलत नसे ती तिच्या तोंडातून आपसूक आली, आईची, बाजारातली. “सांग ना बाबा. आंगठी कुठं ठेवलीस? मी तुज्या आयशीसारकी हाय.”

आधी तो खेळला. लहान मुलासारखं तोंड वाकडं करून म्हणाला, “मी नाय घेतली, बाई.” लोक हसले. ती थांबली नाही. पाणी पी. अजून पी. शाळा कुठली तुजी? माझा पोरगा पन असाच हाय. आंगठी कुठं हाय? हळूहळू हात वर होणं बंद झालं. सगळे बघत होते, मजा घेत होते, आणि कोण कोणता नियम मोडतं आहे याचा कुणाला पत्ता राहिला नव्हता. चहा, त्यावर बाटलीभर पाणी, आणि साखरेचा आजार. तिला माहीत होतं ती कशाची वाट पाहते आहे. शेवटी तो जरा पुढे वाकून, हळू, खऱ्या आवाजात म्हणाला, “मॅडम, जरा बाथरूमला जाऊन येतो.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “जा ना. कोन अडवतंय? पयलं सांग, मग जा.” हास्याचा लोट उठला. तो उठायला गेला तेव्हा साहेब हसत म्हणाले, “बसा घरत, मॅडमचं होऊ द्या.” तो बसला. आणि मग ती सावकाश, एकेक शब्द निवडून बोलत राहिली. आपल्या मुलाच्या खोड्या सांगितल्या. तिला मूल नव्हतं. त्या तिने तिथेच बनवल्या, आणि त्या इतक्या सहज बनत गेल्या की तिला आत कुठेतरी गार वाटलं. घरतचा गुडघा हलायला लागला. कपाळावर मेंदीच्या कडेने घाम आला. मागच्या रांगेतून एक हात वर झाला. नीता नावाची नवीन फौजदार मुलगी होती. “मॅडम, त्यांना खरंच त्रास होतोय. जाऊ द्या त्यांना.” मनिषाने मान वळवली नाही. “हात खाली,” ती म्हणाली. आवाज गोड होता. तो हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग खाली गेला. “हां, काय सांगत व्हतास बाबा?”

“घेतली,” घरत म्हणाला. “मीच घेतली.”

“कुठं टाकलीस?”

“खिडकीतून टाकली. सोडा ना आता.”

ती अजून थोडी थांबली. तेवढं थांबायची गरज नव्हती. धड्यासाठी तर मुळीच नव्हती. तो खुर्चीवरून खाली तिच्याकडे बघत होता, तरी ते वर बघणं होतं; खाली बसलेल्या माणसाकडे असं वर बघणं कसं असतं ते फक्त तिला माहीत होतं. मग म्हणाली, “जा.” तो जवळजवळ धावला. तिने उभं राहून डावा हात सगळ्यांना दाखवला. अंगठी बोटातच होती. “याला कबुली म्हणतात,” ती म्हणाली. “आता ठरवा हिची किंमत किती.” टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, असा तास आजवर झाला नाही. नीता टाळ्या वाजवत नव्हती. ती मनिषाकडे असं बघत होती जसं एखाद्या चालत्या गाडीतून उतरलेल्या माणसाकडे बघावं. मनिषाला बरं वाटत होतं. लपवण्यात अर्थ नाही, फार बरं वाटत होतं, भूक लागून जेवल्यावर वाटतं तसं. आणि त्याच्या मागोमाग लगेच पुन्हा भूक.

तास संपल्यावर तो बाहेर, जिन्याच्या तोंडाशी, तिची वाट पाहत उभा होता. तिला वाटलं आता कळलं असेल याला. पण तो हसत होता. “मॅडम, लय भारी घेतलात. मना तर घामच फोडलात. पन एक इचारू? ती भाषा तुमची, गव्हानकडची वाटली.”

“गव्हाणचीच. भामा कोळणीची मुलगी मी.”

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. बघितलं. आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. “भामावैनीची मनी? आरं देवा! वकील झालीस? आमच्या म्हावरेवालीची पोर आज साहेबलोकांना शिकवतेय! भामावैनी असती आज, तर…” खरोखरचा आनंद होता तो. त्याचा हात तिच्या डोक्याकडे आला आणि ती एक पायरी मागे झाली.

“तुम्ही मला चौकीत नेलं होतं. आठवतं?”

“आठवतं म्हंजे! ती चेनची भानगड ना?” तो हसला, जुनी गंमत आठवल्यासारखा. “ती घावली नंतर. त्यांच्याच घरात, कपड्याच्या मशीनमंदी अडकलेली. आठ-धा दिसांनी फोन आलता. मीच जाऊन सांगितलं तुज्या आयशीला, बाजारात. सवताहून गेलतो. मनात म्हटलं, पोरीवर नाव नको राहायला.”

जिन्यावरून खाली उतरणारे लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होते. “ती काय म्हणाली?” मनिषाने विचारलं.

“काय म्हननार? रडली जरा. मग दोन पापलेट बांधून दिले मना. पैसे घ्यायलाच तयार नाय.”

“मी तुमच्याविरुद्ध तक्रार करणार आहे.”

“कशाची?” तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. मग कळलं, आणि त्याने मान डोलावली, तशीच, तासात डोलावली तशी. “कर बाय. तुजा हक्क हाय तो. दिवाळीला रिटायर होतंय मी. पन खरं सांग, मी तुला बोट तरी लावलं का?” त्याने चष्मा पुन्हा गळ्यात सोडला. “बापूस कसा हाय? नमस्कार सांग माजा.” आणि तो कठड्याला धरून, एकेक पायरी जपून उतरत गेला.

तक्रार ती करणार होती, केलीही असती. अर्ज कसा लिहायचा, कुणाकडे द्यायचा हे तिला पाठ होतं. पण गाडीत बसल्यावर तिला कळलं की तिचा राग त्या माणसावरून घसरून गेला आहे, तेलावरून पाणी घसरावं तसा, आणि कुठेतरी टेकायला जागा शोधतो आहे. घरत खोटं बोलत असेल. तोच गोड आवाज, तोच; त्या आवाजात त्याने एकदा तिच्याकडून नसलेली चोरी बाहेर काढली होती, तर नसलेले पापलेट बनवणं त्याला काय जड? खरं असेल तर आईला माहीत होतं. आठ दिवसांनी माहीत झालं आणि पुढची सगळी वर्षं, फाटकाबाहेर, बारावीपर्यंत, लग्नापर्यंत, इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तिने ते सांगितलं नाही, जेव्हा मनिषा तिचे पाय चेपत बसायची आणि मनात म्हणायची, आता तरी विचार मला, एकदा तरी विचार की तू घेतली होतीस का. विमानतळाच्या भिंतीला लागून गव्हाणचा रस्ता जात होता. कापलेल्या डोंगराची लाल बाजू उन्हात उघडी पडली होती. तिने गाडी जोरात चालवली. ती चौकशीला निघाली होती, आणि या वेळी तिला विचारपूस करायची नव्हती.

बाप, काशीराम, ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. होडी विकून झाली होती, खाडीत भराव पडून मासळी सरली होती, पण हातांना सवय होती म्हणून तो शेजाऱ्यांची जाळी शिवून द्यायचा. “मने! अशी आवचित?” त्याने सरकून जागा केली. ती बसली नाही.

“बाबा, ती चेन सापडली होती, हे तुम्हाला माहीत होतं?”

कुठली चेन, असं त्याने विचारलं नाही. त्याने सुई जाळ्यात खोचली आणि हात मांडीवर ठेवले. तेवढ्यानेच तिला उत्तर मिळालं, पण तिने त्याला सोडलं नाही. ती उभी राहिली, बोलली नाही, नुसती बघत राहिली. गप्प राहून माणसाला बोलतं कसं करायचं हे ती कोर्टात शिकली होती. “त्याच दिशी सांगितलं तुज्या आयशीनं,” तो शेवटी म्हणाला. “घरी येऊन लय रडली. जेवली नाय.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तिनं तुला मारलं व्हतं ना, सगळ्यांसमोर. जीपमंदी तिनंच बसू दिलं तुला. मग कोनत्या तोंडानं सांगनार? रोज म्हनायची, आज सांगते. मग दिस गेले. मग आमाला वाटलं, तू इसरलीस.”

“इसरले?”

“तू कधी बोललीच नायस काय.”

“आणि फाटकाबाहेर बसवायची ती?”

“परत कुनी तुज्यावर बोट दाखवू नये म्हनून. घरात गेलीच नाय तर कोन काय बोलनार? तुज्यासाठीच ना ते.” त्याचे डोळे भरले होते. तिला ते दिसलं. आईच्या त्या सगळ्या दुपारी एकाएकी उलट्या होऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या; माया म्हणून, भीती म्हणून, लाज म्हणून. यावर रडायला हवं होतं, बापाजवळ बसायला हवं होतं, हे तिला स्पष्ट समजत होतं, दुसऱ्या कुणाचं प्रकरण वाचताना समजतं तसं. पण आतली लादी वितळली नाही. आई मेली होती. तिला आता कुठल्याच खुर्चीवर बसवता येणार नव्हतं. उरला होता हा.

“उठा,” ती म्हणाली. “शर्ट घाला.”

“कुठं जायचंय?”

“आळीत. तेव्हा ज्यांनी मला चोर म्हटलं त्या प्रत्येक घरी. तुम्ही सांगायचं, की मी चेन घेतली नव्हती.”

“आता? पोरी, पंचवीस वर्सं झाली. कोनाच्या ध्यानात हाय?”

“माझ्या.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आत जाऊन शर्ट घालून आला. बटणं वरखाली लागली होती. तिने सांगितलं नाही. दुपार कलली होती तरी सिमेंटच्या आळीतून झळ येत होती. जुनी घरं जाऊन तीन-तीन मजले उठले होते. भीमाबाईचं घर मात्र ओळखू आलं, कारण ती अजूनही ओट्यावरच बसली होती, मोतीबिंदूने डोळे पांढरे, कानाशी हात. काशीराम तिच्यासमोर उभा राहिला. घसा खाकरला. “भीमावैनी, आमच्या मनीनं चेन नव्हती घेतली.”

“काय?”

“चेन. डाक्टरनीच्या घरची. मनीनं नव्हती घेतली.”

“कंची मनी?” भीमाबाईने पांढरे डोळे इकडे-तिकडे फिरवले. “तुजी मनी? ती तर वकील हाय ना? तिनं कशाला चेन घेतली?”

“नाय घेतली म्हनून सांगतोय.”

“मना नाय ठावं बाबा कसली चेन. बस, च्या घे.” तेवढ्यात आतून तिची नातसून रिया दाराशी आली, कडेवर पोर, नवीनच लग्न होऊन या घरात आलेली. “काय झालं काका? कुणी चेन चोरली?” असं विचारून तिने मनिषाकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि तिचा हात नकळत स्वतःच्या मंगळसूत्रावर गेला. काशीरामनेही ते पाहिलं. तो चटकन मनिषाकडे वळला. “बघितलंस? इसरलं व्हतं सगळं. आपनच परत उकरून काढतोय. आता ही सगळ्या आळीला सांगल. चल घरी, मने. झालं ना? सांगितलं ना मी?”

मनिषाला ते समजत होतं. जे डाग लोकांच्या डोळ्यांतून केव्हाच धुतले गेले होते ते ती स्वतःच्या पायांनी घरोघर पोचवणार होती, संध्याकाळपर्यंत आळीतल्या प्रत्येक नव्या सुनेला माहीत होणार होतं की काशीरामच्या मुलीचं लहानपणी काहीतरी होतं. आणि तरी समोरच्या घराचं दार उघडं होतं, आत टीव्ही चालू होता, त्याच्या पुढचं दार, त्याच्याही पुढचं. म्हातारा घामाने भिजला होता, त्याची चप्पल पायातून निसटत होती. तिने त्याचा दंड धरला. बोटं आत रुतली तेव्हा तो हलका कण्हला.

“पुढचं घर,” ती म्हणाली.

ते दोघे निघाले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, मुलगी बापाला आधार देऊन चालवते आहे.